नॉर्वेकर

बदलापुरात साठ-सत्तर फ्लॅटची सोसायटी असली की तिच्यात एक नॉर्वेकर असतोच. खरं आडनाव दुसरंच असतं, पण ते आता लाइटबिलापुरतं उरलेलं. वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे, नोकरी मुंबईत, फ्लॅटचे हप्ते संपत आलेले आणि मुलगी महत्त्वाच्या वर्षाला. मुलगी पाचवीपासून महत्त्वाच्याच वर्षाला आहे.

नॉर्वेला जायचं हे पक्कं. हिवाळ्यात की उन्हाळ्यात, एवढंच ठरायचं बाकी आहे.

प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही आणि नॉर्वेकर तो सोपा होऊही देत नाहीत. उन्हाळ्यात ट्रोम्सोला साधारण 20 मे ते 22 जुलै सूर्य मावळत नाही. मध्यरात्री ऊन! पण मग अंधारच नाही, म्हणजे ज्यांच्यासाठी एवढा आटापिटा ते नॉर्दर्न लाइट्स दिसायचे नाहीत. हिवाळ्यात ते दिसतात, पण नोव्हेंबरअखेरपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत तिथे सूर्यच उगवत नाही. ‘‘अंधार इथे वीज गेली की फुकट मिळतो,’’ हे वहिनींचं मत. मग नॉर्वेकर मधला मार्ग काढतात. सप्टेंबरच्या शेवटी दिवस-रात्र सारखे होतात, त्या सुमारास लाइट्स जास्त जोरात असतात, थंडीही बेताची. कॅलेंडर उलटून बघावं तर नेमका पितृपंधरवडा. त्यात मोठ्या भावानं श्राद्ध आपल्याकडे ढकललेलं. फेब्रुवारी-मार्च उत्तम, पण ऑफिसचं क्लोजिंग. दिवाळीत जावं तर नणंदा येणार. अशा रीतीनं बारा महिने तपासून ते पुन्हा मे महिन्यावर येतात आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं.

हे सगळं चालतं लोकलमध्ये. बदलापूर ते सीएसएमटी दीड तास जायला, दीड तास यायला. एवढा वेळ परदेशाला देणारा माणूस परराष्ट्र खात्यातसुद्धा विरळा. सकाळी अंबरनाथची मंडळी रिटर्न मारून आधीच खिडक्या धरून बसलेली असतात. नॉर्वेकरांच्या वाट्याला चौथी सीट. अर्धं बूड टेकवलेलं, एक पाय पॅसेजमध्ये, बॅग मांडीवर, आणि त्या बॅगेवर मोबाइल ठेवून ते बोटीची केबिन निवडत असतात. समुद्राकडची घ्यावी की आतली? आतली स्वस्त आहे, पण गुदमरायला होईल का, ही त्यांची काळजी. कल्याणला लोंढा आत शिरतो, कुणाची तरी कोपरखळी बरगडीत बसते, ‘‘काका, सरका ना जरा,’’ असं होतं. काका आणखी दोन इंच हवेत सरकतात, पण केबिन सोडत नाहीत.

ती बोट हा त्यांचा खास विषय. बर्गनहून निघून अगदी वर किर्केनेसपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्यानं जाते, 34 बंदरं घेते, जाऊन-येऊन 12 दिवस. ‘‘स्लो आहे,’’ ते ग्रुपला समजावून सांगतात, ‘‘सगळीकडे थांबते.’’ ग्रुप आदरानं मान डोलावतो. ही सेवा सुरू झाली 1893 साली, म्हणजे लोकमान्यांनी पुण्यात सार्वजनिक गणेशोत्सव मांडला त्याच वर्षी, हे सांगायला ते विसरत नाहीत. लोकमान्यांशी त्यांचं नातं जुनंच आहे. वेदांमधली लांबलचक पहाट आणि सहा महिन्यांचा दिवस धरून आर्यांचं मूळ घर उत्तर ध्रुवाजवळ होतं असं टिळकांनी मांडलं, ते पुस्तक 1903 मध्ये आलं. तो सिद्धान्त पुढच्या विद्वानांनी उचलून धरला नाही, याच्याशी नॉर्वेकरांना कर्तव्य नाही. त्यांचा मुद्दा वेगळाच आहे: ‘‘टिळक गेले होते का आर्क्टिकला? नाही ना? अभ्यासाला जावं लागत नाही.’’

अभ्यास मात्र चोख. शेंगेन विसाच्या अर्जाची फी 90 युरो, इन्शुरन्स किमान 30,000 युरोंचा, अर्ज सहा महिन्यांहून आधी करता येत नाही, हे सगळं पाठ. साजूक तुपाची बरणी नेता येणार नाही, कारण दुधाचे पदार्थ तिकडच्या कस्टममध्ये चालत नाहीत; ही बातमी त्यांनी घरात सांगितली त्या दिवशी नॉर्वे जवळजवळ रद्द झाली होती. आईंनी विचारलं, संकष्टी सोडायची कशी? त्याचंही उत्तर तयार. ऐन हिवाळ्यात पौर्णिमेच्या आसपास चंद्र तिकडे मावळतच नाही. ‘‘म्हणजे उपास धरायचा कधी?’’ आई म्हणाल्या. यावर अजून वाचन चालू आहे.

थर्मल, जॅकेट वगैरे उल्हासनगरहून येऊन पडलंय. तिथे दुकानदारानं विचारलं, ‘‘माइनस ट्वेंटी का माइनस थर्टी?’’ दोन्ही जॅकेटं एकाच गठ्ठ्यातून निघाली. डिसेंबरात बदलापूरचा पारा पहाटे खाली आला की नॉर्वेकर ते जॅकेट चाचणीसाठी चढवून बाहेर पडतात. कात्रपच्या चौकात कटिंग घेईपर्यंत आत घामाच्या धारा. चाचणी यशस्वी, असं ते वहीत लिहितात. पासपोर्टनंही दहा वर्षं इमानेइतबारे भरली, आणि एकही शिक्का न खाता तो नूतनीकरणाला ठाण्याला जाऊन आला.

लोक हसतात. पण ज्या दिवशी महिना ठरेल त्या दिवशी त्यांच्या नॉर्वेचे फार तर बारा दिवस होतील. आत्ता ती बारमाही आहे. आणि हा माणूस अगदीच फुकट जात नाही. तिसऱ्या मजल्यावरचं नवीन लग्नाचं जोडपं त्यांच्याच याद्यांवर फेब्रुवारीत खरोखर ट्रोम्सोला जाऊन आलं. आल्यावर सोसायटीच्या ऑफिसात भिंतीवर फोटो दाखवायचा कार्यक्रम झाला. नॉर्वेकर पुढच्या खुर्चीत.

‘‘हे हिरवं कॅमेऱ्यात,’’ पहिल्याच फोटोला ते म्हणाले. ‘‘डोळ्यांना राखाडीच दिसलं असेल.’’

‘‘हो काका, बरंचसं राखाडीच.’’

‘‘ओस्लोहून वर जाताना डाव्या खिडकीला बसलात?’’

जोडप्यानं एकमेकांकडे बघितलं. उजव्या.

‘‘मग काय बघितलंत!’’ नॉर्वेकर हळहळले, आणि पुढची पंधरा मिनिटं डाव्या खिडकीतून काय दिसतं ते त्यांनी जमलेल्यांना सांगितलं. फोटो तसेच भिंतीवर थांबून राहिले. शेवटी चहा आला तेव्हा त्या मुलीनं भीत भीत विचारलं, ‘‘काका, पुढच्या वर्षी चेरी ब्लॉसमला जपान करायचं म्हणतोय. मार्चअखेर बरा की एप्रिल?’’

‘‘जपान माझ्याकडे नाही,’’ नॉर्वेकर कप खाली ठेवत म्हणाले. ‘‘जपान बी विंगच्या खजिनदारांकडे. पण इतक्यात जाऊ नका, टोकियोला उतरायचं की ओसाकाला यावर ते तीन वर्षं अडलेत.’’