तपकिरी सोनं
विट्याच्या टापूत सोन्याची खाण नाही. पाऊसही पाहुण्यासारखा, आला तर आला. तरी तमिळनाडूत, केरळात किंवा बंगालात एखाद्या सराफ बाजाराच्या मागच्या बोळात शिरलात आणि भट्टीपाशी बसलेला माणूस 'काय पाव्हणं' म्हणाला, तर तो बहुधा आमच्याकडचाच. गलाईवाला. दुष्काळानं या माणसांना गावाबाहेर काढलं आणि ती एका निराळ्याच खाणीत उतरली. ती खाण म्हणजे मोड : तुटक्या साखळ्या, झिजलेल्या पाटल्या, जोडीदार हरवलेलं एकटं कर्णफूल.

मला मौज वाटते ती त्यांच्या रीतीची. काळ्या कसोटीवर रेघ ओढून कस बघायचा, इथवर ठीक. पण सोनं शुद्ध करायचं, तर आधी त्यात तिप्पट चांदी मिसळायची! नायट्रिक ॲसिड सोन्याला शिवत नाही. आणि सोनं जास्त असलं की आतली चांदी नि तांबं ते कोंबडीनं पिलं पंखाखाली घ्यावीत तसं झाकून धरतं. चांदी भरपूर झाली की ॲसिडला वाट मिळते. तांबूस धूर उठतो, चांदी-तांबं विरघळतं आणि तळाशी उरते चिमूटभर तपकीर. नवखा माणूस ती शिंकून उडवून देईल. धुऊन, सवागी घालून मुशीत १०६४ अंशांपर्यंत तापवली, की तीच वितळून पिवळी होते. विरघळलेली चांदीही तांब्याच्या पट्ट्या सोडल्यावर माघारी येते, माहेरवाशिणीसारखी. एवढ्यावरही कण सांडतातच. मग झारेकरी सोनाराच्या दारातली धूळ विकत घेऊन धुतात. धूळ विकत घेणारं गिऱ्हाईक जगात दुसरं कुठं असेल?

दसऱ्याला, पालख्यांच्या शर्यतीसाठी गावी आलेल्या अशाच एका गलाईवाल्याकडं माझ्या आजीनं आपल्या आईच्या आणि सासूच्या पाटल्या एकत्र आटवायला दिल्या. भट्टीसमोरून ती हलली नाही. गार झालेली लगड तळहातावर घेऊन तिनं विचारलं, "ह्यातलं माझ्या आईचं कुठलं रं?"

त्यानं लगड उलटी केली, सुलटी केली, अगदी कस बघावा तशी न्याहाळली. "खालच्या अंगाचं, आज्जी."

घरी येईपर्यंत आजीनं ती लगड पालथीच धरली होती.