रिकाम्या खुर्च्यांचा दरबार

ज्या बेसबॉलला अमेरिका आपला राष्ट्रीय विरंगुळा म्हणविते, तो पाहण्यासाठी न्यूयॉर्कच्या नव्या यांकी स्टेडियममध्ये २००९ साली पुढल्या रांगेतील एकेका आसनाचा दर प्रत्येक सामन्यास २५०० डॉलरपर्यंत मुक्रर झाला, तेव्हा रयतेने त्या फर्मानास इतक्या अदबीने दुरूनच मुजरा केला की, दूरचित्रवाणीवर खेळाडूंमागे रिकाम्या, गुबगुबीत खुर्च्यांची पलटण तेवढी दिसू लागली. महिना उलटण्यापूर्वीच मालकांस औदार्याचा उमाळा येऊन यांपैकी कित्येक आसने निम्म्या दराने, म्हणजे केवळ १२५० डॉलरांत, गोरगरिबांस खुली झाली! करमुक्त रोख्यांच्या आधाराने उभ्या राहिलेल्या या वास्तूत करदात्याचे हक्काचे आसन एकच, आणि ते त्याच्या घरी, दूरचित्रवाणीसमोर आहे.