हेक्टोपास्कलकाका

आमच्या सोसायटीत कुणी ‘काय उकडतंय हो आज’ म्हणालं, की समोरचा ‘हो ना’ म्हणतो आणि विषय संपतो. काका मात्र म्हणतात, “उकडणारच. दाब बघितलात का?” आपण अर्थातच बघितलेला नसतो. मग ते सांगतात. जिन्यात सांगतात, भाजीच्या गाडीपाशी सांगतात, एकदा तर एका मयतीला, बांबू यायला उशीर होता म्हणून तिथेही सांगितलं. त्यांचं खरं आडनाव आता फक्त लाइटबिलावर उरलंय. कोथरूडच्या आमच्या गल्लीत ते, दाब मोजायच्या एककावरून, हेक्टोपास्कलकाका.

निवृत्त झाल्यावर कुणी भजनाला लागतं, कुणी शेअरबाजाराला. काकांची सगळी नोकरी ऑडिटमध्ये गेलेली. ज्याने तीस-पस्तीस वर्षं लोकांच्या वह्यांतल्या चुका शोधल्या, त्याला बरोबर चाललेल्या गोष्टीचं करायचं काय, हा मोठाच प्रश्न असतो. तो न्यू जर्सीच्या मुलाने सोडवला. सुट्टीवर येताना त्याने बॅगेतून घरगुती हवामान केंद्र आणलं. गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी खांब रोवला गेला. त्यावर वाऱ्याचा वेग मोजायच्या गरगर फिरणाऱ्या तीन वाट्या, दिशा दाखवणारं शेपूट, पर्जन्यमापक आणि पांढऱ्या झाकणांच्या चळतीत बसवलेलं तापमापक. आकडे दाखवणारा डबा खाली हॉलमध्ये, फ्रिजवर. मुलगा परत गेला आणि काकांचा संशय सुरू झाला.

पहिला संशय आला तो बॅरोमीटर दिलेलंच नाही असा. काका शिडी लावून खांबाचा प्रत्येक स्क्रू तपासून आले. बॅरोमीटर गच्चीवर नसतंच, ते त्या फ्रिजवरच्या डब्यातच असतं. दारा-खिडक्यांच्या फटींतून हवा ये-जा करते, त्यामुळे घरातला दाब आणि बाहेरचा दाब एकच, हे मुलाने फोनवर सांगितलं. काकांना ते पटलं नाही. हवेचं यंत्र घरात बसून हवा कशी बघणार? ऑडिटला प्रत्यक्ष जागेवर जावं लागतं.

दुसरा संशय आला तेव्हा मे महिना होता. डबा अमेरिकन वळणाचा, दाब इंचांत दाखवायचा: २७.९१. काकांनी बटणं दाबदाबून त्याचे हेक्टोपास्कल केले आणि ९४५ हा आकडा बघून खुर्चीत बसले. पुस्तकात सरासरी दाब १०१३ दिलेला. १९९९ च्या ओडिशाच्या महाचक्रीवादळाच्या केंद्रात ९१२, २०२१ च्या तौक्तेच्या पोटात ९५० च्या आसपास. “आणि आपल्या हॉलमध्ये नऊशे पंचेचाळीस!” काका जिन्यातून ओरडत वर गेले. गच्चीवर आमच्या चार बिऱ्हाडांच्या कुरडया वाळत होत्या, वर आभाळात औषधालाही ढग नव्हता. काकांनी सगळ्या बायकांना वाळवणं उचलायला लावली. काकूंनी स्वतःच्या उचलल्या नाहीत. चाळीस वर्षं संसार केलेल्या बाईला कुठलं वादळ खरं, एवढं कळतं.

भानगड साधी होती. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच. आपल्या उंचीवर दर नऊएक मीटर चढलं की दाब एका हेक्टोपास्कलने उतरतो. म्हणजे इथला खरा दाब समुद्रकाठापेक्षा साठ-बासष्टने कमीच असायचा. वर्तमानपत्रात आणि नकाशात जो छापतात तो समुद्रसपाटीला आणून, म्हणजे ही भर घालून छापतात. यंत्राला आपली उंची सांगितली की तेही भर घालून दाखवतं. मुलाने ती सांगितलीच नव्हती. त्याच्या अमेरिकेतल्या घराला सांगायची फारशी गरज पडत नसावी.

आता उंची भरायची तर कुणाची? काकांनी फोनवर बघितली, तर फोन दर मिनिटाला वेगळी सांगायचा. मग जोत्याची उंची, मजल्यांची उंची, फ्रिजची उंची अशी बेरीज झाली. बिल्डरचा नकाशा मागायला ते सेक्रेटरीकडे गेले. नकाशा मिळाला नाही, पण सोसायटीने पार्किंगची जागा वाढवल्याची भानगड मात्र त्या निमित्ताने बाहेर आली. शेवटी काकांनी लोहगाव विमानतळाचा दर अर्ध्या तासाला जाहीर होणारा दाब धरला आणि त्याच्याशी डबा जुळवून घेतला. यंत्र दुरुस्त करायचा सरळ मार्ग तोच आहे: जवळच्या विश्वासू केंद्राशी, वारा पडलेला असताना, तुलना करायची आणि फरक एकदाच काढून टाकायचा. ‘एकदाच’ या शब्दापाशी काका अडले.

मग लिफ्टचा प्रयोग झाला. तो मी प्रत्यक्ष बघितला, कारण दुधाची पिशवी घेऊन मी आतच होतो. काकांनी डब्यावर भर न घातलेला दाब लावून तो बाळासारखा छातीशी धरलेला. “बोलू नका,” ते म्हणाले. जणू माझ्या श्वासाने दाब वाढणार होता. तळमजल्यावर ४७.३, तिसऱ्या मजल्यावर ४६.३. पुढचे नऊशे काका उच्चारत नाहीत, घरचे असल्यासारखे ते गृहीत असतात. आकडा बरोबर एकाने उतरला आणि काकांचा चेहराही उतरला. यंत्राने तीन मजले ओळखले होते. दोष सापडला नव्हता.

तो सापडला, असं त्यांना पुढच्या आठवड्यात वाटलं. रोज सकाळी दहाच्या सुमारास दाब चढलेला असायचा आणि दुपारी चारपर्यंत तीन-साडेतीनने घसरायचा. रात्री दहाला पुन्हा वर, पहाटे चारला पुन्हा खाली. रोज! काका म्हणाले, यंत्र तापतंय. डबा फ्रिजवरून फ्रिजच्या आत गेला, दह्याच्या भांड्याशेजारी. तापमान उतरलं, दाबाने आपला क्रम सोडला नाही. काकू म्हणाल्या, “अहो, मग मी कोथिंबीर कुठे ठेवू?” पुढचा संशय कुकरवर गेला. शिट्ट्यांनी घरातला दाब बिघडतो, असं काकांनी ठरवलं आणि संध्याकाळची डाळ दोन दिवस पातेल्यात शिजली. तिसऱ्या दिवशी काकूंनी कुकर लावला, शिट्टी होऊ दिली आणि स्वतः येऊन डब्यावरचा आकडा बघून गेल्या. काही बोलल्या नाहीत.

हा गुंता सोडवला पलीकडच्या विंगमधल्या आजोबांनी. ते शिमला ऑफिसात निरीक्षक होते. (हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये शिमल्याहून पुण्याला आलं, थंडी मागे राहिली, नाव मात्र शिवाजीनगरच्या चौकात येऊन बसलं.) आजोबांनी कागदावर दोन लाटा काढल्या. म्हणाले, सूर्याच्या तापण्याने सगळ्या वातावरणालाच दिवसातून दोनदा भरती-ओहोटी येते. उष्ण कटिबंधात ती इतकी नेमाची, की हुंबोल्टने दक्षिण अमेरिकेत पारा बघून किती वाजले ते सांगता येतं, असं लिहून ठेवलंय. तुमचं यंत्र उत्तम आहे.

‘उत्तम आहे’ हे काकांनी ऐकलंच नाही. त्यांनी घड्याळ उतरवून ठेवलं आणि दाबावरून वेळ सांगू लागले. दुपारी एकला, दोनला ते बऱ्यापैकी जमायचं, कारण तेव्हा आकडा भराभर उतरत असतो. पण दहाच्या आणि चारच्या आसपास रेघ सपाट होते, अर्धा-पाऊण तास आकडा हलत नाही. नेमक्या बँकेच्या आणि चहाच्या वेळेला काकांना किती वाजले ते कळेना. घड्याळ परत मनगटावर आलं.

डब्यावर एक चित्रही असायचं: सूर्य, सूर्यामागे ढग, नुसता ढग, पाऊस. ते चित्र दाबाच्या चढ-उतारावरून बदलतं आणि त्याची सगळी शाळा थंड प्रदेशात झालेली. तिकडे तीन तासांत तीन हेक्टोपास्कल उतरले म्हणजे वादळ दारात आलं. आपल्याकडे जवळपास तेवढेच उतरले म्हणजे दुपार झाली. त्यामुळे आमच्याकडे जानेवारीतसुद्धा रोज चारच्या सुमारास, फ्रिजवर, पाऊस पडायचा.

आणि वळीव आला तेव्हा? जूनच्या तोंडावर, संध्याकाळी पाचला, सिंहगडाकडून काळं भरून आलं. काका खांब बघायला गच्चीवर. थंड वाऱ्याचा लोट आला, पत्रे वाजले, गारा पडल्या. ढगातून कोसळणारी गार हवा जड असते, ती जमिनीवर पसरली की दाब झटकन एक-दोनने चढतो. दाब चढला म्हणून डब्यावरचा ढग गेला आणि सूर्य आला. काका नखशिखान्त भिजून खाली उतरले, ओल्या हाताने डबा उचलला आणि त्या हसऱ्या सूर्याकडे बघत राहिले. नोकरीत कुणाचा मोठा घोटाळा पकडल्यावर ते असेच दिसत असणार. मुलाला फोन लागला, तिकडे सकाळचे साडेसात. तो म्हणाला, “बाबा, नवीन घ्या ना.” काका चार दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. आरोपी पकडल्यावर कुणी ‘दुसरा आणा’ म्हणतं का?

शेवटी त्यांनी एका कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत ओळख काढली. भिंतीवर फोर्टिनचं पाऱ्याचं बॅरोमीटर, पितळी नळीतलं. मी सोबत गेलो होतो, डब्याची पिशवी धरायला. प्रयोगशाळेतल्या मामांनी खालचा स्क्रू हलके हलके फिरवला. कुंडीतला पारा वर येत हस्तिदंती टोकाला भिडला, टोक आणि पाऱ्यातलं त्याचं प्रतिबिंब एकमेकांना जेमतेम टेकले. मग व्हर्नियर. मामा म्हणाले, “पोरं इथे येऊन एकाहत्तर सेंटीमीटर बघतात आणि वहीत शहात्तर लिहितात. पुस्तकात तसं आहे म्हणून.”

पाऱ्याचा आकडा हेक्टोपास्कलमध्ये आणला, तर डब्यापेक्षा सहाहून जास्त. काका उजळले. “बघा! सहा! मी म्हणत नव्हतो?” मामांनी शांतपणे भिंतीवरचा तक्ता काढला. खोली सत्तावीस अंशांवर, गरम पारा प्रसरण पावतो, तेवढे वजा. पुण्याच्या अक्षांशावर गुरुत्व प्रमाण मूल्यापेक्षा किंचित कमी, म्हणून पारा थोडा अधिक उभा राहतो, तेही वजा. उरला फरक अर्ध्या हेक्टोपास्कलच्या आत. एवढा फरक या घरगुती यंत्रांत चालतोच, मामा म्हणाले.

रिक्षात काका बाहेर बघत बसले होते. मी त्यांना चहा विचारला, नको म्हणाले. दाबही सांगितला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गल्लीच्या कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात दिसले, चेहरा पुन्हा तरतरीत. सलाईनची नळी मागत होते. दुकानदाराने घाबरून विचारलं, “काका, घरी कुणाला काय झालं?”

“पर्जन्यमापकाला,” काका म्हणाले. “आतली ती डुगडुगणारी पळी. थेंब-थेंब मोजून पाणी सोडल्याशिवाय माझा तिच्यावर विश्वास नाही.”