जुळलं, पण कळलं का?

“मामा, जुळलं! बघ, एरर जवळपास शून्य.” भाच्याने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. स्क्रीनवरचे ठिपके म्हणजे निफ्टी ऑप्शनचे बाजारातले भाव, रेषा म्हणजे हेस्टन मॉडेलने काढलेले भाव. रेषा प्रत्येक ठिपक्याला शिवून जात होती. कोड चॅटबॉटने लिहिलेला, तोही अर्ध्या तासात. पोरगा हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये आहे, कोड त्याला वाचता येतो. त्यामागचं गणित येत नाही. आणि यावर लावायचे पैसे मारुंजीची जमीन विकून दाजींनी ठेवलेल्या मुदत ठेवीतले.

म्हणून हे लिहितोय. आमच्या मुळशीत आज घरोघरी जमिनीचा पैसा आहे आणि प्रत्येकाच्या हातात चॅटबॉट आहे.

आधी मॉडेल काय म्हणतं ते बघू. 1973 चं ब्लॅक-शोल्स सूत्र धरून चालतं की बाजाराची चंचलता ऑप्शन संपेपर्यंत एकसारखी राहते. ताम्हिणीच्या माणसाला कुणी सांगावं की पाऊस बाराही महिने एकाच जोराने पडतो, तसं हे. तिथे पाऊस लागला की आठवडाभर झोडपतो, मग उघडीप देतो. बाजारही असाच. स्टीव्हन हेस्टन यांनी 1993 मध्ये ही चंचलताच चंचल मानली. मॉडेलला पाच आकडे लागतात: आजची चंचलता, तिची दीर्घकाळची सरासरी, त्या सरासरीकडे परतण्याचा वेग, चंचलतेची स्वतःची चंचलता, आणि भाव पडला की चंचलता किती उसळते तो संबंध. बाजारभावांशी जुळतील असे हे पाच आकडे शोधायचे, याला कॅलिब्रेशन म्हणतात.

भाच्याचे आकडे मी वहीवर घेतले. परतीचा वेग 2, सरासरी 0.04, चंचलतेची चंचलता 0.6. उत्तराखाली चॅटबॉटने ठामपणे लिहिलं होतं, फेलरची अट पाळली जाते. ही अट सांगते की चंचलता शून्याला टेकणार नाही. त्यासाठी पहिल्या दोन आकड्यांच्या गुणाकाराची दुप्पट तिसऱ्याच्या वर्गापेक्षा कमी असता कामा नये. दोन गुणिले दोन गुणिले 0.04 म्हणजे 0.16. आणि 0.6 चा वर्ग 0.36. अट मोडली होती. खऱ्या बाजारभावांवर ती बऱ्याचदा मोडते, त्यात आकाश कोसळत नाही. पण मोडलेली अट पाळली म्हणून सांगणं हे खोटं आहे, आणि ते पकडायला दोन ओळींचा हिशेब पुरला.

मग त्याला म्हटलं, “सुरुवातीचे अंदाज बदल आणि पुन्हा चालव.” रेषा तशीच सुरेख जुळली, पण परतीचा वेग दुपटीहून वर गेला आणि चंचलतेची चंचलताही वाढली. हे दोन आकडे एकमेकांची भरपाई करतात. त्याने डेटा घेतला होता फक्त जवळच्या दोन आठवड्यांत मुदत संपणाऱ्या ऑप्शनचा. वेग 2 असेल तर सरासरीपासूनचं अंतर निम्मं व्हायलाच चार महिने लागतात. दोन दिवस पर्जन्यमापक बघून पावसाळा कधी संपेल, ते कोण सांगणार? त्यात निफ्टीच्या आकड्यापासून लांबच्या स्ट्राइकचे (करारात ठरलेल्या किमतीचे) भाव ‘शेवटचा सौदा’ या रकान्यातले. तो सौदा सकाळी कधीतरी झालेला, निफ्टीचा आकडा मात्र दुपारचा. चॅटबॉटने यातलं एकही विचारलं नाही, कारण त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

आणि सगळं नीट केलं तरी? 3 जून 2024 ला निफ्टी 23,263 वर बंद झाला, 4 जूनला लोकसभा निकालाच्या दिवशी 21,884 वर. एका दिवसात जवळपास 6 टक्के. बाजाराची अपेक्षित चंचलता मोजणारा इंडिया व्हिक्स त्या दिवशी 26 च्या वर बंद झाला, दुसऱ्या दिवशी 19 च्या खाली. हेस्टनच्या मॉडेलमध्ये भाव सलग सरकतो, उडी मारत नाही. 3 तारखेच्या संध्याकाळी काढलेले पाच आकडे 4 तारखेला रद्दी झाले.

शेअर बाजाराची नियामक सेबी हिचा सप्टेंबर 2024 चा अहवाल प्रत्येकाने वाचावा असा आहे. 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत एफ अँड ओमध्ये, म्हणजे फ्युचर्स आणि ऑप्शनमध्ये, उतरलेल्या 1 कोटीहून जास्त सामान्य लोकांपैकी 93 टक्के तोट्यात गेले, एकूण तोटा 1.8 लाख कोटींच्या वर. 2023-24 मध्ये नफा कमावला तो दलाल पेढ्यांच्या स्वतःच्या खात्यांनी आणि परदेशी फंडांनी, आणि त्यांचा 96-97 टक्के नफा अल्गोरिदमचा. तिथे अशी मॉडेलं दिवसभर पुन्हापुन्हा जुळवणारी आणि तपासणारी माणसं पगारावर बसलेली आहेत. आपलं पोरगं रात्री जेवण झाल्यावर बसतं.

चॅटबॉटकडून शिकायला माझी ना नाही. पाच आकड्यांचा अर्थ विचारा, सूत्र उलगडून घ्या, कागदावर भाव लावून बघा. पण सुरुवातीचे अंदाज बदलून दहा वेळा चालवा. दहाही वेळा तेच पाच आकडे आले नाहीत, तर दाजींची ठेव मोडू नका.