भांडायला कुणी मिळेना

पुण्यात हयात काढलेल्या माणसाचे हनोईत खाण्यापिण्याचे हाल होत नाहीत, हाल होतात ते भांडणाचे. दुचाक्यांचा पूर लोटलेला, मागून स्कूटर थेट फुटपाथवर येते. म्हणजे साहित्य सगळं हजर. पण "डोळे फुटले का?" असं विचारणारा एक जण भेटेल तर शपथ! हॉर्न वाजतो तोसुद्धा 'मी मागून येतोय' एवढं कळवण्यापुरता. त्यात समोरच्याच्या खानदानाचा उल्लेख नसतो.

रस्ता ओलांडताना एका लयीत, संथ चालत सुटायचं. थांबायचं नाही, पळायचं नाही आणि मागे तर मुळीच फिरायचं नाही. दुचाक्या आपण होऊन वळसा घालतात. होआन कीएम तळ्यापाशी एक आजी अशा निघाल्या, जणू तो रस्ता त्यांच्या माहेरचा. तेत, म्हणजे तिथलं नववर्ष, जवळ आलेलं. मागे कुंडीसकट नारिंगी फळांनी लगडलेलं झाड बांधलेला एक स्कूटरवाला आला, झाडासकट कलला आणि आजींना बाजू देऊन गेला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलंही नाही. आमच्याकडे एवढ्या ऐवजावर अर्धा तास सहज निघाला असता.

फुटपाथ चालण्यासाठी नसतो. त्यावर दुचाक्या उभ्या असतात, राखणदार सीटवर खडूने नंबर टाकून चिठ्ठी देतो. उरलेल्या जागेत फोचं, म्हणजे नूडल्सच्या सूपचं, पातेलं उकळतं आणि गुडघे कानाला लागतील इतक्या बुटक्या प्लास्टिकच्या स्टुलांवर अख्खं शहर बसलेलं असतं. बर्फाचा चहा देणाऱ्या मावशींनी फोनवर भाषांतर करून आधी माझं वय विचारलं, मग लग्न, मग मुलं. वय कळल्याशिवाय समोरच्याला हाक कशी मारायची, हेच तिथे ठरत नाही. मला मात्र पगार न विचारल्याची रुखरुख लागली.

दुपारी स्कूटर-टॅक्सीवाले गाडीवरच आडवे होतात, पाय हँडलवर. झोपेच्या बाबतीत पुणेकराने कुणाकडून शिकावं अशी वेळ येईल असं वाटलं नव्हतं. पण आम्हाला निदान गादी लागते.

राग धरण्याची कलाही तिथे अगदीच बेताची. १९७२च्या डिसेंबरात अमेरिकेच्या बी-५२ विमानांनी या शहरावर बॉम्ब टाकले. २०१६ साली ओबामा इथल्याच एका साध्या खाणावळीत टीव्हीवरचे शेफ अँथनी बोर्डेन यांच्याबरोबर बून चा, म्हणजे डुकराचं मांस आणि नूडल्स, खाऊन गेले, तर ते टेबल, वाडगे आणि बिअरच्या बाटल्या मालकांनी काचेच्या पेटीत जपून ठेवल्यात. आमच्या सोसायटीत पार्किंगच्या एका पांढऱ्या पट्टीवरून दोन घरांतली बोलाचाली बंद आहे आणि पट्टी केव्हाच पुसली गेली आहे.

शेवटी दोंग स्वान बाजारात काम झालं. भल्या सकाळी पहिलंच गिऱ्हाईक म्हणून शिरलो, एका टोपीवर यथेच्छ घासाघीस केली आणि न घेताच निघालो. भवानीचा मुहूर्त बिघडवणारं गिऱ्हाईक तिथेही अपशकुनी! बाईंनी कागद पेटवला, तो सगळ्या मालावरून ओवाळला आणि माझ्याकडे बघत जे काही सुनावलं, त्यातलं अक्षरही कळलं नाही. मी मराठीत साग्रसंगीत उत्तर दिलं. शेजारच्या दुकानदारीणबाई मध्ये पडल्या. दहा मिनिटं छान गेली.