आधी जवानाला विचारा

श्रावण लागला की राज्यातल्या कितीतरी शहरांत राख्यांची खोकी भरायला सुरुवात होते. शाळा, महिला मंडळं, ज्येष्ठ नागरिक संघ, गणेश मंडळं, सगळे कामाला लागतात. मग एखादी तुकडी ती खोकी घेऊन जम्मूची गाडी पकडते. दिवाळीआधी फराळाच्या डब्यांचा हाच प्रवास. रजा स्वतःची, तिकीट स्वतःचं.

या माणसांबद्दल मला आदर आहे. तो आधीच नोंदवतो, कारण पुढचं त्यांना बोचणार आहे.

हा निरोप कोणासाठी? घेणाऱ्यासाठी की देणाऱ्यासाठी?

बॅनर बघा. संस्थेचं नाव ठळक, अध्यक्षांचा फोटो, प्रायोजकाचं चिन्ह, प्रमुख पाहुण्यांची यादी. जवान कुठे? खाली कोपऱ्यात, नेटवरून उतरवलेल्या चित्रात. त्या चित्रातला गणवेश आपल्याच सैन्याचा आहे का, एवढं तरी कोणी पाहतं?

चौकीवर पाहुणे आले की युनिटला गाडी काढावी लागते, सोबत माणूस द्यावा लागतो, चहापाण्याचं बघावं लागतं. रात्रभर पहाऱ्यावर असलेला जवान सकाळी रांगेत उभा राहतो. कारण पाहुण्यांना फोटो हवा असतो.

तो हसतो, आणि ते हसू खरं असतं. गावाकडची बोली कानावर पडली की कोणाला बरं वाटत नाही? म्हणूनच त्याची झोप मोडताना दहा वेळा विचार करायला हवा.

आणि तो फोटो? संध्याकाळपर्यंत फेसबुकवर. युनिटचं नाव, चौकीचं नाव, नकाशावरची खूण, सगळं त्यात. सैनिकाला पत्र पाठवताना आपण ‘५६ एपीओ’ लिहितो. त्या पत्त्यात ना गाव असतं ना जिल्हा. तो कुठे आहे हे परक्याला कळू नये म्हणून ही व्यवस्था.

लष्कराने झाकलेली जागा आपण कौतुकाच्या भरात उघडी करतो.

आता पत्रांकडे या. शाळेत फर्मान निघतं, उद्या प्रत्येकाने जवानांना पत्र आणायचं. बाई फळ्यावर मजकूर लिहितात, मुलं उतरवून घेतात. ‘प्रिय जवान बंधूंनो, तुम्ही सीमेवर जागता म्हणून आम्ही सुखाने झोपतो.’ एका वर्गाची चाळीस पत्रं आणि चाळिसांत मजकूर एकच. जवानाने पहिलं वाचायचं, उरलेल्यांचं काय करायचं?

फळा पुसा. मुलांना मोकळं सोडा. आमच्याकडे यंदा पाऊस लांबला, आमची म्हैस व्याली, कबड्डीत मी पडलो आणि गुडघा फुटला, माझ्या मामालाही भरती व्हायचं होतं पण उंची कमी पडली, तुम्हाला तिथे भाकरी मिळते का? असं पत्र बर्फात बसलेला माणूस दोनदा वाचेल, शेजारच्याला दाखवेल. शुद्धलेखनाच्या चुका राहू द्या. आणि बाई, खाली मुलाचं नाव आणि शाळेचा पत्ता घालायला विसरू नका. जवानालाही उत्तर लिहावंसं वाटतं, हे आपण धरूनच चालत नाही.

निरोप एकतर्फी असला की त्याचं भाषण होतं.

आपल्या मागच्या पिढीला हे कळत होतं. चीनबरोबरच्या १९६२च्या युद्धानंतर सुनील दत्त आणि नर्गिस ‘अजंता आर्ट्स’चा ताफा घेऊन सीमेवर जात. ज्या चेहऱ्यांसाठी शहरात झुंबड उडायची, ते चेहरे आघाडीच्या ठाण्यांवर जाऊन गायचे, नाचायचे, हसवायचे.

आणि विविध भारतीची ‘जयमाला’? तिची जादू कशात होती? निवेदक जवानांना देशभक्तीचे डोस पाजत नव्हता. फौजी भाईंची फर्माईश यायची, तिच्याबरोबर त्यांची नावं वाचली जायची आणि त्यांना हवं ते गाणं लागायचं. गावाकडे रेडिओला कान लावून बसलेली माणसंही ती नावं ऐकायची. मागणी जवानाची, नाव जवानाचं, आवड जवानाची.

राखीच्या खोक्यात यातलं काय असतं?

मुळात जवानाला काय हवंय, हे विचारतं कोण? पुण्यातल्या शिक्षिका सुमेधा चिथडे आणि हवाई दलातून निवृत्त झालेले त्यांचे पती योगेश चिथडे यांनी ते केलं. सियाचेनमध्ये जवानाला शत्रूच्या गोळीइतकंच भय विरळ हवेचं, हे त्यांनी जाणलं. तिथे ऑक्सिजन तयार करणारा प्रकल्प हवा होता. सुमेधाताईंनी आधी स्वतःचे दागिने विकले, मग लोकांकडे हात पसरला. शाळा, सोसायट्या, छोट्या सभा असं करत रक्कम जमली. २०१९मध्ये प्रकल्प उभा राहिला.

दागिने विकायला मी कोणाला सांगत नाही. गरज विचारायला सांगतोय. तेवढ्याला सोनं लागत नाही.

अजून एक गोष्ट खटकते. आपलं प्रेम फार लांबचा प्रवास करतं. पुण्याहून द्रासला पोचतं, पण दोन चौक पलीकडच्या अग्निशमन केंद्रात पोचत नाही. तिथल्या जवानाला कोणी कधी राखी बांधली? त्यालाही जवानच म्हणतात.

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टायकिन’ जहाजाचा स्फोट झाला. आग विझवायला धावलेले ६६ अग्निशमन जवान त्यात गेले. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी १४ एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. ९ मे २०१५ला काळबादेवीच्या गोकुळ निवास इमारतीला आग लागली. मुंबई अग्निशमन दलाने त्यात चार अधिकारी गमावले, खुद्द दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर त्यांत होते. साहेब मागे उभे राहून हुकूम सोडत नव्हते. ते आत होते.

१९ जुलै २०२३च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडीला रस्ता नव्हता. अंधार, पाऊस, निसरडी चढण. नवी मुंबई अग्निशमन दलाचा एक अधिकारी मदतीला वर चढत असताना हृदयविकाराने गेला. त्याचा फोटो किती चौकांत लागला?

टाळ्या आपण वाजवल्या आहेत, नाही असं नाही. करोनाच्या साथीत, २२ मार्च २०२०ला संध्याकाळी पाच वाजता अख्खा देश गॅलरीत आला. टाळ्या, थाळ्या, शंख, घंटा. डॉक्टर, नर्स, पोलीस, सफाई कामगार यांच्यासाठीचा तो निरोप होता. पुढे काय झालं? नर्सला घरमालकाने खोली सोडायला सांगितली. तपासणीला आलेल्या पथकावर दगड पडले.

२२ एप्रिलला, बरोबर महिन्याने, आरोग्य कर्मचाऱ्यांवरचा हल्ला अजामीनपात्र गुन्हा ठरवणारा अध्यादेश केंद्र सरकारला काढावा लागला. गंभीर इजा केल्यास सात वर्षांपर्यंत कैद. थाळी वाजवायला सांगावं लागतं हे मी समजू शकतो. दगड मारू नका, यासाठी कायदा करावा लागला, हे मला आजही सहन होत नाही.

मग राख्या बांधूच नयेत? जरूर बांधा. ऑगस्ट २०१९मध्ये सांगली-कोल्हापूर पाण्याखाली होतं. लष्कर, नौदल, एनडीआरएफ यांच्या बोटी घराघरांपर्यंत गेल्या. त्याच पुरात राखी पौर्णिमा आली आणि बायकांनी त्या जवानांना राख्या बांधल्या. ज्या हाताने पाण्यातून ओढून काढलं, त्याच हातावर. त्या राखीला बॅनर लागला नाही.

बंबाच्या जवानाला आधार द्यायचाय? आपल्या सोसायटीपासून सुरुवात करा. महाराष्ट्राच्या २००६च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे इमारतीतली आग विझवण्याची यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यावं लागतं. ‘फॉर्म बी’ म्हणतात त्याला. तुमच्या सोसायटीने शेवटचा कधी दिला? जिन्यातली सायकली-कुंड्यांची अडगळ कधी हलवली? नळीला पाणी आहे का, हे कोणी उघडून बघितलं? धुराने भरलेल्या जिन्यात कुंडीला अडखळून पडणारा माणूस तोच असतो, ज्याच्यासाठी आपण भेटकार्ड रंगवतो.

आणि रस्ता? रुग्णवाहिकेला किंवा बंबाला वाट न देणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या १९४ ई कलमाखाली दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे, २०१९च्या दुरुस्तीपासून. वाट मिळालेल्या रुग्णवाहिकेमागे स्वतःची गाडी दामटणारे तर आणखी संतापजनक. त्यांच्याही काचेवर ‘जय जवान’ लिहिलेलं असतं.

सीमेवरच्या जवानाकडे परत वळतो. त्याची काळजी सीमेवर नसते, ती गावाकडे असते. साताऱ्यातलं अपशिंगे घ्या, घराघरातून माणसं सैन्यात गेली म्हणून त्या गावाला ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणतात. अशा गावांतल्या म्हाताऱ्या आईबापांना विचारा. बांधावरून भाऊबंदांशी वाद. तलाठ्याकडे अडकलेला फेरफार. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन. मुलीच्या कॉलेजप्रवेशाचा दाखला. पोराला रजा मिळते थोडी, त्यातले दिवस प्रवासात जातात, उरलेले कचेऱ्यांच्या पायऱ्यांवर. हे आपल्या हातातलं काम आहे. त्यासाठी ना परवानगी लागते ना जम्मूची गाडी.

तेव्हा यंदा खोकी भरण्याआधी एक फोन करा. बहुतेक जिल्ह्यांत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय असतं. आपल्या तालुक्यातल्या कोणत्या घरी माणसाची गरज आहे, ते तिथे विचारा. वीरपत्नी असतील, एकटे आईवडील असतील, सरकारी कागदांत अडकलेले माजी सैनिक असतील. त्यांच्याबरोबर कचेरीत जा, दवाखान्यात जा, काम पुरं होईपर्यंत जा. मग त्यांच्या पोराला पत्र लिहा, की आईचं ऑपरेशन झालं, मी सोबत होतो, डोळा बरा आहे.

राखी त्याच पाकिटात घाला.