महिनाभराचा शेजार

"काकू, तुमची ती मोठी बॅग रिकामी आहे का? आमच्या सासूसासऱ्यांची टूर ठरली. युरोप, बारा दिवसांत आठ देश!"

"आहे की. थांब, भिंतीवरूनच देते. उजवं चाक जरा कुरकुरतं. आणि हँडलचा तो निळा मणी तेवढा काढू नकोस."

"दृष्टीचा का? परदेशातही दृष्ट लागते?"

"लागते तर! शिरिंजेच्या शेजारणीनं निघताना बांधलाय तो."

"हे शिरिंजे कुठे आलं आणखी?"

"तुर्कस्तानात, इझमीरकडे. तिथे सेल्चुक म्हणून गाव आहे. शेजारीच एफिससचे जुने अवशेष, ते बघायला जग लोटतं. तिथून वर डोंगरात हे खेडं. हे रिटायर झाले, तेव्हा २०१९ साली गेलो होतो. लेकाकडे जायचा अमेरिकेचा व्हिसा पासपोर्टवर होता, म्हणून ई-व्हिसा झटकन मिळाला. पण तीसच दिवसांचा. म्हणजे पाऊल ठेवलं त्याच दिवशी निघायची तारीख ठरलेली."

"तीस दिवस एकाच खेड्यात? कंटाळा नाही आला?"

"आला ना आधी. ह्यांचं सुरू, 'एफिसस झालं, आता काय डोंगर मोजायचे?' शेजारची आजी सकाळी अंगणात उपडा तवा मांडून गोझलेमे करायची. मी जाऊन बसायला लागले. लाटणं काठीसारखं लांब, पोळी अशी पातळ की खालची फळी दिसावी. आत पालक आणि पांढरं चीज. तिला माझी भाषा येईना, मला तिची. नातीच्या मोबाइलवर भाषांतर करत करत आम्ही सुनांच्या विषयापर्यंत पोचलो."

"सुनांपर्यंत! म्हणजे मैत्री पक्कीच."

"मग! ह्यांनी चहाच्या दुकानात बस्तान मांडलं. तिथे गप्पांना तोटा नाही. २०१२ च्या डिसेंबरात जग बुडणार म्हणून आवई उठली होती, आठवतं? मायन कॅलेंडरची? तेव्हा म्हणे हे गाव तेवढं वाचणार होतं. कुठून कुठून पत्रकार येऊन थडकले."

"मग वाचलं का गाव?"

"वाचलं. पण बाकीचं जगही वाचलं, मग कसलं अप्रूप राहतंय!"

"आजी तिथलीच का मूळची?"

"तिचा जन्म तिथला, पण घराणं नाही. ती घरं मूळची ग्रीकांची. १९२२ मध्ये युद्ध संपता संपता ते परागंदा झाले. पुढच्या वर्षी लोझानला करार झाला आणि दोन्ही देशांनी माणसांचीच अदलाबदल केली. बारा लाखांच्या आसपास ख्रिस्ती तिकडे गेले, साडेतीन-चार लाख मुसलमान इकडे आले. आजीचे आजोबा त्यातले, ग्रीसमधल्या कवालाकडचे. दीदो सोतिरिउ नावाच्या ग्रीक बाईंची १९६२ सालची कादंबरी आहे, त्यातला नायक ह्याच गावचा. आजी सांगायची, तिच्या आजीला शेजारणीचा निरोपसुद्धा घेता आला नव्हता. म्हणून ही आम्हाला नीट निरोप दिल्याशिवाय सोडेना."

"म्हणजे काय केलं?"

"आदल्या संध्याकाळी तुतीच्या मुरंब्याचं भांडं धाडलं. रिकामं भांडं परत करायचं नाही, ही रीत तिकडेही आहे. मी रवा आणून शिरा केला. आजीनं चमचा तोंडात घातला आणि हसायलाच लागली. नातीनं मोबाइल पुढे केला, 'आमच्याकडे घरातलं माणूस वारलं की हा करतात!'"

"अगंबाई!"

"मी म्हटलं, आम्ही तरी कुठे राहतोय, चाललोच आहोत. तर म्हणाली, 'त्या जाण्याला परत येणं नसतं, तुम्हाला यायचंय.' आणि वाटी चाटूनपुसून संपवली. सकाळी मिनीबस आली. पोरांनी ह्यांचा हात धरून ओठांना लावला, मग कपाळाला. मोठ्यांना तसा मान देतात तिथे. ह्यांना पाया पडून घ्यायची सवय. हे आशीर्वादाला हात वर नेतायत आणि पोरं तो खाली ओढतायत! बस हलली तशी आजीनं मागे रस्त्यावर तांब्याभर पाणी ओतलं. पाण्यासारखे जा आणि पाण्यासारखे परत या, म्हणून. आपण नाही का हातावर दही देत, तसंच."

"काका रडले असतील."

"छे, ते करकोचे बघत बसले. सेल्चुकला स्टेशनाजवळ जुन्या कालव्याचे खांब आहेत, त्यांवर करकोच्यांची घरटी. ऑगस्ट सरत आला होता, पक्षी केव्हाच दक्षिणेला गेलेले. हे म्हणाले, 'बघ, ह्यांना व्हिसा लागत नाही, तरी तारीख पाळतात.' नंतर इझमीरच्या गाडीत मात्र एक शब्द बोलले नाहीत."

"परत गेलात का मग?"

"कुठलं गं! कोविड आला, मग ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन. नातीचा फोटो येतो अधूनमधून. सासूबाईंना सांग, आठ देश खुशाल बघून या. पण पुढच्या खेपेला एकच गाव धरा. स्वयंपाकघर असलेली खोली घ्या, भाजी रोज एकाच दुकानातून आणा. साठीनंतर देश मोजून कुणाला दाखवायचेत? आपण निघाल्यावर ज्याला चुकल्यासारखं वाटेल, असं एक तरी माणूस तिथे जोडा."

"रवा न्यायला सांगू का?"

"रवा मिळतो तिकडे. शिरा करायच्या आधी तेवढं विचारून घ्या म्हणावं."